मद्याचा महसूल आणि मद्याची हानी : वसई-विरारचा बोध

मादक पेयांच्या सेवनास औषधी प्रयोजनाखेरीज बंदी घालण्याचा प्रयत्न करणे, हे भारतीय संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने राज्याचे कर्तव्य मानले आहे. दुसऱ्या बाजूस, मद्यावरील उत्पादन शुल्क हे राज्याच्या तिजोरीचे एक प्रमुख साधन आहे. या दोहोंची सांगड कशी घालावी, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस महामार्ग अशा चतुःसीमेत वसलेल्या वसई-विरार परिसरात मात्र त्याच्या सर्व बाजू एकत्र पाहावयास मिळतात.

अबकारीचा वारसा

2014 साली पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. किनाऱ्यावरील ताडी-माडी आणि डोंगरपट्टीतील मोहाची दारू ही या भागातील जुनी पेये. ब्रिटिश राजवटीत 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी काढण्यावर कर आणि परवान्याचे बंधन कडक झाले. 1892 च्या मोहफूल कायद्याने मोहफुले बाळगण्यावरही निर्बंध आले. लोकांचे व्यसन सुटावे यापेक्षा सरकारी महसूल सुरक्षित राहावा, हा त्यामागील प्रमुख विचार होता.

स्वातंत्र्यानंतर 1949 च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने हा दृष्टिकोन पालटला. तथापि बंदीबरोबर चोरट्या भट्ट्याही वाढल्या आणि साठच्या दशकापासून परवाना पद्धती सैल करण्यात आली. 1981 साली हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्याची तरतूद असलेला स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून या धंद्याचे मूळ किती खोल गेले होते याची कल्पना येते.

शुल्कवाढ आणि तिच्या मर्यादा

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या अहवालानुसार 2019 या एका वर्षात जगात सुमारे 26 लाख मृत्यू मद्यामुळे झाले. ही हानी घटविण्याच्या उपायांत मद्याची किंमत वाढविणे, उपलब्धता मर्यादित करणे आणि जाहिरातींवर बंधने घालणे या तीन उपायांना संघटनेने अग्रस्थान दिले आहे.

10 जून 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मिती मूल्याच्या 3 पटींवरून 4.5 पटींपर्यंत, तर देशी मद्यावरील शुल्क प्रतिप्रूफ लिटर 180 रुपयांवरून 205 रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला. त्यातून सुमारे 14 हजार कोटी रुपयांचा वाढीव महसूल अपेक्षित धरण्यात आला. राज्य उत्पादन शुल्क विभागासाठी 1,223 नव्या पदांनाही त्याच वेळी मान्यता देण्यात आली.

ही पदे किती आवश्यक आहेत, हे पालघर जिल्ह्याचा नकाशा पाहताच ध्यानात येते. जिल्ह्याच्या उत्तर टोकाशी तलासरी आहे. तिच्यापलीकडे गुजरात, आणि जवळच कमी कराचे मद्य मिळणारे दमण. तेथून निघणारा महामार्ग वसई तालुक्यातूनच मुंबईकडे जातो. कायदेशीर मद्य महागले की चोरट्या मालाचा मोह वाढतो. हातावर पोट असलेला मजूर तर हातभट्टीकडे वळण्याचा संभव असतो. अशा दारूत मिथेनॉल मिसळले गेल्यास त्याचे शरीरात फॉर्मिक आम्लात रूपांतर होऊन दृष्टी जाते, प्रसंगी प्राणही जातात. जून 2015 मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशाच दारूने शंभराहून अधिक बळी घेतले.

आडवी बाटली

2008 च्या शासन आदेशाने मद्याचे दुकान बंद करण्याविषयी मतदान मागण्याचा अधिकार गावांतील व नगरांच्या प्रभागांतील मतदारांना, विशेषतः महिलांना, प्राप्त झाला. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या चिन्हांमुळे अक्षरओळख नसलेल्या भगिनींनाही आपले मत निःसंदिग्धपणे नोंदविता येते. गृहनिर्माण संस्थांच्या आवारात नवे मद्यविक्री दुकान उघडण्यास त्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक करण्याचे मार्च 2025 मध्ये विधिमंडळात जाहीर करण्यात आले. इमारतींनी गजबजलेल्या विरार-नालासोपाऱ्यासारख्या वस्तीत याचे महत्त्व सहज पटण्यासारखे आहे.

परंतु मतदानाने बंद होते ते परवानाधारक दुकान. हातभट्टीला परवानाच नसतो. म्हणून मतदान आणि अंमलबजावणी हे दोन्ही उपाय बरोबरीने चालावे लागतात.

उपचाराची साखळी

दुकान बंद झाले तरी व्यसनाधीन माणसाची गरज संपत नाही. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने मद्य एकाएकी सोडल्यास हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. त्यास वैद्यकीय देखरेख लागते. केंद्र शासनाच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मद्यावर अवलंबून असलेल्या दर 38 व्यक्तींपैकी केवळ एकास कोणता तरी उपचार मिळाल्याचे आढळले. हीच साखळीतील सर्वांत दुबळी कडी होय.

महाराष्ट्राने 2011 साली व्यसनमुक्ती धोरण स्वीकारले. केंद्र शासनाने स्वयंसेवी संस्थांच्या केंद्रांना अनुदान दिले आणि 14446 ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. तथापि 2011 च्या जनगणनेतच 12 लाखांची लोकसंख्या ओलांडलेल्या वसई-विरारसारख्या शहरात रोजंदारी बुडवून दूर जाणे कामगारास परवडत नाही. उपचार त्याच्या वस्तीजवळच्या रुग्णालयात मिळाले, तरच तो ते घेईल.

यासाठी निधीचा मार्ग अन्यत्र शोधून झालेला आहे. थायलंडने 2001 च्या कायद्याने मद्य व तंबाखूवरील कराच्या 2 टक्के अधिभार लावून तो आरोग्यसंवर्धनासाठी राखून ठेवला. महाराष्ट्राच्या अपेक्षित वाढीव महसुलाचा केवळ 1 टक्का उपचारासाठी बाजूस काढला, तरी 140 कोटी रुपये होतात.

शुल्कवाढ, मतदान, भट्ट्यांचा बंदोबस्त आणि उपचार हे चार उपाय परस्परपूरक आहेत. त्यांपैकी एक जरी सुटला, तरी हानी नाहीशी न होता केवळ आपली जागा बदलते. मद्यापासून मिळणाऱ्या पैशाचा काही अंश मद्याने उद्ध्वस्त झालेल्या घरापर्यंत परत पोहोचला, तर महसूल आणि कर्तव्य यांतील अंतर निश्चितच कमी होईल.