सहीपासून गादीपर्यंत

खामगाव, मलकापूर, चिखली अशा बाजारपेठांतील अडत दुकाने, जिनिंग आणि दालमिल यांच्या भागीदारीपत्रांत घरातील स्त्रियांची नावे आढळतात. कर्जाच्या कागदावर सूनबाईंची सही असते. मात्र कर्ज कशासाठी घेतले, उधारी कोणाकडे अडकली, हे त्यांना पुष्कळदा ठाऊक नसते. मोठ्या कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर स्त्रिया कमी का, या प्रश्नाचा एक धागा बुलढाणा जिल्ह्यातील अशा पेढ्यांपर्यंत येऊन पोहोचतो.

कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे बंधनकारक केले. जैनांनाही लागू असलेल्या हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नसले तरी हा हक्क अबाधित राहतो, असे स्पष्ट केले. परंतु कायदा खुर्ची देतो. त्या खुर्चीवरून निर्णय घेण्याचा सराव देत नाही.

नोकरीतील वाटही खडतर आहे. बँकेत बढतीबरोबर बहुधा बदली येते, आणि ती नेमकी मुले लहान असताना किंवा घरातील वडीलधारी मंडळी आजारी असताना. पतीची बदली झाली की घर हलते. पत्नीची झाली की बढती नाकारली जाते. भारतीय स्टेट बँक १९५५ मध्ये स्थापन झाली. तिच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, अरुंधती भट्टाचार्य, २०१३ मध्ये आल्या. मधली अठ्ठावन्न वर्षे केवळ गुणवत्तेच्या अभावाची होती, असे कोण म्हणेल?

तयारीचे मोल पुण्याच्या थरमॅक्स कंपनीच्या इतिहासात दिसते. १९९६ मध्ये रोहिंटन आगा यांचे आकस्मिक निधन झाले आणि धुरा पत्नी अनू आगा यांच्याकडे आली. त्या १९८५ पासून कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करीत होत्या. पुढे कंपनी तोट्यात गेली तेव्हा बाहेरील सल्लागारांची मदत घेऊन कठोर निर्णय घेण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. २००४ मध्ये अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे आले. त्याही कंपनीत प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणूनच दाखल झाल्या होत्या.

व्यापारी घरांत मुलाला हेच शिक्षण नकळत मिळते. शाळा सुटली की तो दुकानात बसतो, भाव ऐकतो, माणसे ओळखू लागतो. त्याच घरातील एम.कॉम. झालेल्या मुलीला मात्र वहीखात्याच्या पलीकडे बोलावणे येत नाही. मग अचानक संकट आले, की जिच्या नावावर व्यवसाय आहे तिलाच देणे-घेणे परक्याकडून समजून घ्यावे लागते.

भगवान महावीरांच्या चतुर्विध संघात साध्वी आणि श्राविका यांना स्वतंत्र स्थान होते; छत्तीस हजार साध्वींच्या प्रमुखपदी चंदनबाला होत्या, असे परंपरा सांगते. ज्या समाजाला हा वारसा लाभला, त्याने येत्या दिवाळीच्या वहीपूजनानंतर लेकी-सुनांना पेढीवर बसवावे, येणे-देणे समजावून सांगावे, बँकेच्या बैठकीस सोबत न्यावे आणि एखाद्या खरेदीचा निर्णय संपूर्णपणे त्यांच्यावर सोपवावा. त्यात चूक झाली तर मुलाची चूक जशी पोटात घातली जाते, तशीच तीही घालावी.