न्याहाळक, संगणक प्रणाली आणि मराठी मजकूर

संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर मराठी मजकूर योग्य रूपात दिसणे हे केवळ लेखकाच्या टंकलेखनावर अवलंबून नसते. अक्षरांचे संकेतन, टंक अर्थात फॉन्ट, अक्षरजुळणी करणारी आज्ञावली, संगणक प्रणाली अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम आणि न्याहाळक अर्थात ब्राउझर या पाच घटकांचा त्यात वाटा असतो. यांपैकी एकही घटक कमी पडला तर मजकूर चुकीचा दिसतो, शोधात सापडत नाही किंवा मुळीच वाचता येत नाही. त्यामुळे कोणती संगणक प्रणाली किंवा कोणता न्याहाळक चांगला, हा तंत्रप्रेमींमध्ये नेहमी चर्चिला जाणारा प्रश्न मराठी वाचकांसाठी वेग आणि सोयीपुरता मर्यादित राहिलेला नाही. आपल्या भाषेतील मजकूर टिकतो का, सापडतो का आणि शुद्ध दिसतो का, या प्रश्नांशी तो जोडलेला आहे.

== एका नावाचे उदाहरण ==
वाशिम जिल्ह्यातील आसेगाव या गावाचे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरांचे दिसते : आ, से, गा, व. संगणक मात्र ते आ, स, एकाराची मात्रा, ग, काना आणि व अशा सहा संकेतांत साठवतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला ३ बाइट लागतात. म्हणजे या नावासाठी १८ बाइट खर्च होतात. हेच नाव संकेतस्थळाच्या पत्त्यात आले आणि तो पत्ता नकलून दुसरीकडे डकवला, तर प्रत्येक बाइटसाठी एक टक्केचिन्ह व दोन रोमन चिन्हे उमटू शकतात. चार अक्षरांच्या नावाची अशा वेळी ५४ चिन्हांची अगम्य ओळ होते. मराठी विकिपीडियावरील लेखांचे दुवे इतरत्र पाठवताना हा अनुभव वारंवार येतो. न्याहाळक पत्त्याच्या पट्टीत वाचनीय देवनागरी दाखवत असला, तरी प्रत्यक्षात पाठवली जाते ती ही सांकेतिक ओळच असते.

नावाच्या लेखनभेदांचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तरी 'गांव' हे जुने रूप पाट्यांवर व कागदपत्रांत आढळते. वाचकाला 'आसेगांव' आणि 'आसेगाव' एकच वाटतात. संगणकाच्या दृष्टीने पहिल्या रूपात एक संकेत जास्त असतो. 'वाशिम' व 'वाशीम', 'मंगरूळपीर' व 'मंगरुळपीर' या जोड्यांचेही तसेच आहे. पानावर एक रूप असताना न्याहाळकाच्या शोधचौकटीत दुसरे टंकले, तर शब्द समोर असूनही सापडत नाही.

== युनिकोडपूर्व काळ ==
भारतीय लिप्यांसाठी संगणकीय तंत्रज्ञान उभे करण्याचे काम आयआयटी कानपूर येथे सुरू झाले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक स्थापन झाल्यावर 'जिस्ट' या नावाने ते तेथे पुढे गेले. भारतीय लिप्यांसाठीची 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारली गेली. इन्स्क्रिप्ट हा सर्व भारतीय लिप्यांना समान असलेला कळफलकही याच प्रयत्नांचा भाग होता. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असतात.

प्रत्यक्ष छपाईव्यवसायात आणि कार्यालयांत मात्र वेगळीच पद्धत रुजली. श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांतील टंक रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवत. पडद्यावर मराठी दिसे, पण संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन चिन्हांचाच असे. प्रत्येक संचाची मांडणी निराळी असल्याने एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात उघडल्यास निरर्थक चिन्हे दिसत. कागदावर छापण्यापुरती ही सोय पुरेशी होती. महाजालावर ती अडचणीची ठरली.

सुरुवातीच्या काळातील अनेक मराठी संकेतस्थळे असे टंक वापरीत. वाचकाने ते टंक आधी उतरवून घ्यावेत, अशी सूचना मुखपृष्ठावर असे. टंक पानाबरोबरच पाठवण्याची युक्तीही वापरात आली, परंतु मायक्रोसॉफ्टची एम्बेडेड ओपनटाइप पद्धत केवळ इंटरनेट एक्सप्लोरर या न्याहाळकात चालत असे. त्यामुळे न्याहाळकाची निवड ही वाचकाची आवड राहिली नाही. लिनक्सवर किंवा अन्य न्याहाळकात तेच पान उघडणाऱ्यास रोमन चिन्हांची गर्दी दिसे. पुढे २०१२ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने वॉफ या टंकस्वरूपाला मानक म्हणून मान्यता दिली आणि पानासोबत टंक पाठवणे सर्व प्रमुख न्याहाळकांत एकाच रीतीने शक्य झाले.

== युनिकोड व अक्षरजुळणी ==
युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची १२८ स्थानांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. युनिकोडमध्ये जोडाक्षरांना स्वतंत्र संकेत दिलेले नाहीत. व्यंजन, हलन्त चिन्ह आणि पुढील व्यंजन असा क्रम साठवला जातो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जात असली, तरी साठवणीत ती व्यंजनानंतर येते. या क्रमावरून पडद्यावरील योग्य आकृती घडवण्याच्या क्रियेला अक्षरजुळणी म्हणता येईल.

विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब ही आज्ञावली करीत असे. विंडोज २००० पासून मराठीसाठी आवश्यक असा देवनागरीचा आधार आणि मंगल हा टंक उपलब्ध झाला. विंडोज एक्सपीमध्ये मात्र हा आधार वापरकर्त्याला नियंत्रण फलकातून स्वतंत्रपणे कार्यान्वित करावा लागे. तो न केल्यास वेलांट्या चुकीच्या जागी जात, जोडाक्षरे सुटी पडत आणि मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसे. विंडोज व्हिस्टापासून हा आधार मूळ प्रणालीतच मिळू लागला. विंडोज ८ मध्ये मंगलची जागा प्रामुख्याने निर्मला यूआय या टंकाने घेतली.

मुक्त आज्ञावलींच्या क्षेत्रात हार्फबझ ही अक्षरजुळणीची आज्ञावली महत्त्वाची ठरली. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड या सर्वांत ती वापरली जाते. परिणामी निरनिराळ्या न्याहाळकांत मराठी मजकूर वेगवेगळा दिसण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ घटले आहे. भ्रमणध्वनींवर देवनागरीचा आधार उशिरा आला. अँड्रॉइडच्या ४.० या आवृत्तीपासून परिस्थिती सुधारली आणि २०१४ मधील ५.० या आवृत्तीत मराठी ही प्रणालीची भाषा म्हणून निवडता येऊ लागली.

== मराठीच्या विशेष गरजा ==
हिंदी, नेपाळी, संस्कृत, कोकणी आणि मराठी या भाषा देवनागरी वापरतात. तरी हिंदीसाठी केलेली सोय मराठीला नेहमी पुरत नाही.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. 'आचार्यास' दिलेली दक्षिणा आणि 'आचाऱ्यास' दिलेली मजुरी यांतही असाच भेद आहे. रफार आणि अर्धा र यांतील हा फरक हिंदीला लागत नाही, मराठीला मात्र तो अर्थभेदासाठी आवश्यक आहे. युनिकोडमध्ये अर्धा र दोन रीतींनी साठवता येतो : ऱ या वेगळ्या संकेताला हलन्त जोडून, किंवा र व हलन्त यांनंतर 'शून्य रुंदीचा जोडक' हे अदृश्य चिन्ह घालून. दोन्ही रीतींनी पडद्यावर एकच आकृती दिसते, पण आतील संकेत भिन्न असतात. त्यामुळे काटेकोर जुळणी करणाऱ्या शोधात किंवा वर्णानुक्रमात एकच शब्द दोन शब्दांप्रमाणे वागू शकतो.

'ॲ' या स्वराचा इतिहासही असाच आहे. हिंदीत 'ऍ' हे रूप प्रचलित असल्याने प्रारंभी तेवढ्यालाच स्थान मिळाले होते. मराठीतील 'ॲ' साठी स्वतंत्र संकेत युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये आला. तोपर्यंत अ, अदृश्य जोडक आणि चंद्र अशी जुळणी करून काम भागवले जाई. त्या काळातील मजकुरात ही जुनी जुळणी अजूनही आहे. म्हणून 'ॲप' किंवा 'बॅटरी' यांसारखे रोजचे शब्द शोधताना दुसऱ्या शब्दाला अडचण येत नाही, पहिल्याला येऊ शकते.

तिसरी बाब अक्षरवळणाची आहे. मराठीतील ल आणि श यांची परंपरागत वळणे हिंदीहून वेगळी आहेत. मराठी ल दोन पाकळ्यांचा असतो, तर हिंदी ल ला उभा दंड असतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाद्वारे मराठी वर्णमाला व अक्षरवळणे प्रमाणित केली. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही ल एकच असल्याने कोणते वळण दाखवायचे हे टंक ठरवतो. ओपनटाइप टंकांत भाषेनुसार आकृती बदलण्याची सोय असते. पानाच्या संकेतनात मजकुराची भाषा मराठी असल्याचे नोंदवलेले असेल, टंकात मराठी आकृती असतील आणि न्याहाळक ती सोय वापरीत असेल, तरच वाचकाला मराठी वळण दिसते. संकेतस्थळाच्या रचनाकाराने भाषेची नोंद हिंदी अशी केली किंवा केलीच नाही, तर उत्तम न्याहाळकातही हिंदी वळण उमटते.

== प्रणालीच्या निवडीविषयीची मते ==
मुक्त प्रणालींच्या समर्थकांचा मुख्य युक्तिवाद असा की, भाषेसंबंधीचा दोष आढळल्यास तो कोणालाही नोंदवता येतो आणि जाणकाराला स्वतः दुरुस्तही करता येतो. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेले लोहित टंक हे याचे उदाहरण आहे. जीनोम, केडीई आणि फायरफॉक्स यांचे मराठी अनुवाद मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकांनी केले आहेत. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्सवर आधारित प्रणालीही भारतीय भाषांना आधार देते.

याउलट, बहुसंख्य कार्यालये व सायबर कॅफे विंडोज वापरत असल्याने मराठीचा प्रत्यक्ष प्रसार त्या प्रणालीतील सोयींमुळेच झाला, असे दुसरे मत आहे. विंडोजसाठीही मायक्रोसॉफ्टने मराठी भाषासंच उपलब्ध करून दिले. आज मात्र अनेक वाचकांचा महाजालाशी पहिला परिचय भ्रमणध्वनीवर होत असल्याने हा जुना वाद काहीसा मागे पडला आहे.

अनुवादित शब्दांविषयीही मतभेद आहेत. 'न्याहाळक', 'संचिका', 'कळफलक' अशा शब्दांमुळे भाषा समृद्ध होते, असे काहींना वाटते. ज्याने संगणक इंग्रजी शब्दांतून शिकला आहे त्याला हे शब्द अपरिचित वाटतात आणि तो पुन्हा इंग्रजी मांडणीकडे वळतो, असा प्रतिवाद केला जातो. मांडणी इंग्रजी ठेवूनही मराठी मजकूर वाचता व लिहिता येतो. म्हणून शब्दांच्या वादापेक्षा अक्षरजुळणी आणि संकेतन यांची शुद्धता अधिक मूलभूत ठरते.

== चित्रमालिका आणि चित्रांतील मजकूर ==
महाजालावरील चित्रमालिकांनी तंत्रप्रेमींच्या चर्चांना विनोदाची भाषा दिली. रँडल मन्रो यांची २००५ मध्ये सुरू झालेली 'एक्सकेसीडी' ही त्यांतील प्रसिद्ध मालिका होय. तिच्या ९२७ व्या चित्रात चौदा परस्परविरोधी मानकांना कंटाळून सर्वांसाठी एकच मानक तयार करण्याचा प्रयत्न होतो आणि शेवटी मानकांची संख्या पंधरा होते. अनेक टंकसंचांच्या काळातून गेलेल्या मराठीला हा विनोद चांगलाच लागू पडतो.

मराठीत दैनंदिन चित्रमालिकेची ओळख प्रामुख्याने वृत्तपत्रांतून झाली. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ मध्ये 'सकाळ'मधून सुरू झाला. अशा मालिका पडद्यावर चित्र म्हणून दिल्या की अक्षरजुळणीचा प्रश्नच उरत नाही. कोणत्याही न्याहाळकात संवाद अचूक दिसतात. मात्र त्याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते. चित्रातील संवाद शोधात सापडत नाहीत, नकलता येत नाहीत आणि पडदावाचक आज्ञावलीला वाचता येत नाहीत. चित्राला पर्यायी मजकूर जोडण्याची सोय संकेतनात असते. ती वापरल्यास दृष्टिहीन वाचकालाही प्रसंग समजू शकतो.

== महत्त्व ==
जुन्या टंकांत अडकलेला मजकूर हा या विषयातील सर्वांत गंभीर प्रश्न मानला जातो. पुस्तके, अंक आणि कार्यालयीन कागदपत्रे यांच्या अशा संचिका पडद्यावर सुबक दिसतात. पण मूळ टंक हरवला की मजकूरही दुर्बोध होतो. एनव्हीडीएसारखी मोफत पडदावाचक आज्ञावली युनिकोड मराठी वाचू शकते. जुन्या टंकातील परिपत्रक तिच्यासमोर आले, तर ती रोमन चिन्हेच उच्चारते. अशा मजकुरासाठी परिवर्तकांचा उपयोग होतो, परंतु रफार, वेलांटी व जोडाक्षरे यांत चुका राहत असल्याने परिवर्तनानंतर मुद्रितशोधन आवश्यक असते.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. सर्वांना वाचता, शोधता आणि संपादित करता येणारा मराठी ज्ञानकोश युनिकोडमुळेच शक्य झाला. २०१४ मध्ये '.भारत' हे देवनागरी क्षेत्रनाम उपलब्ध झाल्याने संकेतस्थळाचा पत्ताही मराठीत लिहिता येऊ लागला. आसेगावासारख्या गावाची माहिती नोंदवताना प्रचलित शुद्ध रूप, प्रमाण संकेत आणि पर्यायी लेखनासाठी पुनर्निर्देशन यांची काळजी घेतली, तर वाचकाने कोणतेही रूप टंकले आणि कोणताही न्याहाळक वापरला तरी तो योग्य पानावर पोहोचतो.

== हे सुद्धा पहा ==
* युनिकोड
* देवनागरी
* इन्स्क्रिप्ट
* मराठी विकिपीडिया
* मोझिला फायरफॉक्स
* वाशिम जिल्हा