एक शेर, हजार गोळ्या

गणिताशी माझं कधी जमलं नाही. तरी एक हिशेब सांगतो. दोन ओळींचा शेर नीट म्हणायला मला १५ सेकंद लागतात. व्हिएतनाम युद्धात १९६७ साली उतरलेल्या अमेरिकेच्या 'कोब्रा' हेलिकॉप्टरच्या नाकाखालची 'मिनीगन' मिनिटाला ४,००० गोळ्या झाडू शकत असे. म्हणजे एका शेराला हजार गोळ्या.

एवढ्या माऱ्यात एकच नळी तापून निकामी होईल. म्हणून इथं सहा नळ्या विजेच्या मोटारीवर गरगर फिरतात. एक झाडते, तोवर बाकीच्यांतून रिकामं काडतूस पडतं, नवं भरलं जातं, नळी जरा निवते.

मूळ कल्पना रिचर्ड गॅटलिंग यांची. १८६२ साली त्यांनी पेटंट घेतलं, तेव्हा नळ्या हातानं दांडा फिरवून चालत. गॅटलिंग वैद्यकी शिकलेले. अमेरिकेच्या यादवी युद्धात गोळीपेक्षा रोगराईनं जास्त सैनिक दगावत होते. एका माणसानं शंभरांचं काम केलं, तर सैन्य लहान होईल आणि माणसं वाचतील, असं त्यांना वाटलं. १८७७ च्या एका पत्रात त्यांनीच हे लिहिलं आहे.

सैन्यं काही लहान झाली नाहीत. त्यांच्या हेतूत खोट होती, असं मी म्हणणार नाही. पण माणसं वाचवायला बंदूक शोधायची, हा हिशेब माझ्यासारख्या गणितात कच्च्या माणसालाही चुकलेला दिसतो.