ऑस्लोचे ऊन, नाशिकचे ऊन

प्लॉट घेऊन आर्किटेक्टकडे गेलेल्या नाशिककराला हल्ली पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच स्क्रीनवर आपली इमारत दिसू शकते. खोल्या नाहीत, जिना नाही, नुसते ठोकळे. ठोकळा जरा फिरवला की उन्हाचे तास, वाऱ्याचा वेग, बांधकामाचे क्षेत्रफळ असे आकडे शेजारी बदलतात. ते पाहून कुणी म्हणतो, ‘डिझाइन तर कॉम्प्युटरच करतोय, मग फी कसली?’ आणि कुणाला ती निव्वळ चित्रे वाटतात. दोघेही चुकतात.

या जातीचे एक ठळक सॉफ्टवेअर म्हणजे ऑटोडेस्कचे फॉर्मा. मूळ ऑस्लोची स्पेसमेकर कंपनी ऑटोडेस्कने २०२० मध्ये विकत घेतली आणि तिचे काम मे २०२३ मध्ये फॉर्मा या नावाने बाजारात आणले. वाऱ्याचा झटपट अंदाज ते काही सेकंदांत देते, कारण आधी केलेल्या असंख्य गणितांवरून ते शिकलेले असते. बारकाईचे गणित हवे असेल तर ते वेगळे चालवावे लागते. झटपट आकडा चार पर्यायांतला बरा कोणता एवढे सांगायला पुरतो. गच्चीवरच्या पत्र्याची मजबुती त्यावरून ठरवू नये.

सगळ्यात जास्त घोळ उन्हाचा होतो. ऑस्लो ६० अक्षांशावर, तिथे घरात ऊन किती मिळेल याची चिंता. नाशिक २० अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्याही दक्षिणेला. इथे तोच ‘जास्त तास ऊन’ हा आकडा मे महिन्यात धोक्याची सूचना असतो. गणित दोन्हीकडे बरोबरच असते, पण चांगले काय आणि वाईट काय हे ते ठरवत नाही.

‘उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही’ हा तर आपला जुना, लाडका समज. नाशिकला २१ मेच्या सुमारास आणि पुन्हा २३ जुलैच्या आसपास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. मधल्या दोन महिन्यांत तो भरदुपारीही किंचित उत्तरेलाच असतो. २१ जूनला तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो. जूनच्या ढगांमुळे ते फारसे जाणवत नाही. पण मेच्या सकाळ-संध्याकाळी उत्तरेच्या खिडकीतही तिरपे ऊन शिरते, आणि ते अडवायला वरच्या आडव्या छज्ज्यापेक्षा बाजूची उभी पट्टी उपयोगी पडते. ठोकळ्याच्या टप्प्यावर तारीख मेची निवडून हे पाहता येते. डिसेंबरची निवडली, तर दुपारी सूर्य दक्षिणेला जेमतेम ४७ अंशांवर दिसेल आणि सगळे छान वाटेल. पश्चिमेचा तिढा आणखी अवघड: पावसाळी वारा तिकडूनच, आणि दुपारची भट्टीही तिकडेच. यावर बटण नाही.

आता बिल्डरच्या जिव्हाळ्याचा विषय, एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येते ते. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे परवानगी नव्हे. २०२० च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्या मूळ तक्त्यात नाशिकसारख्या महापालिकेत ९ ते १२ मीटर रस्त्यावर १.१० मूळ, ०.५० प्रीमियमचा (शुल्क भरून मिळणारा) आणि ०.४० टीडीआरचा (हस्तांतरणीय विकास हक्कातून), असा २.०० एफएसआय बसतो. निवासी इमारतीला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक एफएसआय, तोही प्रीमियम भरून. म्हणजे १००० चौरस मीटरच्या प्लॉटवर २००० पासून ३२०० चौरस मीटरपर्यंत मजल. परदेशात बनलेले सॉफ्टवेअर मजल्यांचे क्षेत्रफळ भागिले प्लॉट एवढेच करते. यातला कोणता हिस्सा कशातून आला ते त्याला कळत नाही. नियमांवर नकाशा तपासणारी ऑटोडीसीआरसारखी प्रणाली, जी पुण्याच्या सॉफ्टटेकची आहे, ती वेगळी. तिची गाठ नंतर, परवानगीच्या वेळी पडते.

गोदाकाठचा प्लॉट असेल तर आणखी जपून. सॉफ्टवेअर जमिनीचे चढउतार आपोआप आणते, पण जगभराची मोफत उंचीची माहिती बहुधा ३० मीटरच्या चौकटींची असते. त्यात नदीकाठचा दोन मीटरचा फरक सहज बुडतो. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. दोन्ही रेषा सॉफ्टवेअरने आणलेल्या नकाशात येत नाहीत, जलसंपदा विभागाच्या नकाशावरून आणून बसवाव्या लागतात. सप्टेंबर २००८ चा पूर पाहिलेल्या पंचवटीकराला हे समजावावे लागणार नाही.

एआयने काढलेल्या एलिव्हेशनबद्दल थोडक्यात: आर्किकॅड आणि स्केचअप दोन्हींत आता ही सोय आहे. चित्र देखणे येते, पण त्यात कॉलम कुठे याचा विचार नसतो. ते कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले की मागे घेणे कठीण, म्हणून मी तरी ते उशिरा दाखवा असेच म्हणेन.

हे सगळे मोठ्या ऑफिसांपुरतेच, असेही नाही. स्केचअपची ब्राउझरमध्ये चालणारी मोफत आवृत्ती आहे, आणि ठोकळे व सावल्या पाहायला ती पुरते. फक्त पहिल्या बैठकीला जाताना मोजणी नकाशा, विकास आराखड्यातली रस्त्याची रुंदी आणि नदी जवळ असेल तर पूररेषेचा नकाशा सोबत न्यावा. ठोकळा त्यानंतर मांडायचा.