घरचा संगणक मंदावला तर : निदान, सफाई आणि मदत

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या बागाईत पट्ट्यात संगणक ही आता केवळ कचेरीतील वस्तू राहिलेली नाही. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा, मंचर, घोडेगाव ह्या गावांच्या आसपास अनेक शेतकरी कुटुंबांत मुलांच्या शिक्षणाकरिता आणलेला संगणक हळूहळू घरच्या दप्तराचे काम करू लागला आहे. निर्यातीच्या द्राक्षबागेतील फवारण्यांच्या नोंदी, टोमॅटो व कांद्याच्या पट्ट्या, पीककर्जाचे कागद, सातबाराचे उतारे, महाडीबीटीवरील अर्जांच्या पोचपावत्या आणि घरच्या लग्नकार्यांची छायाचित्रे हे सर्व त्या एकाच यंत्रात साठलेले असते. असा संगणक एके दिवशी सुरू होण्यास दहा-दहा मिनिटे घेऊ लागला म्हणजे घरात दोन मते पडतात. एक म्हणते, ‘व्हायरस शिरला’. दुसरे म्हणते, ‘यंत्र जुने झाले, नवे घ्या’. दोन्ही मते बहुधा निदान न करताच दिलेली असतात.

पान पिवळे पडले की करपाच आला असे जाणता बागाईतदार मानीत नाही. पाणी, अन्नद्रव्ये, मुळे ह्यांचा विचार तो आधी करतो. संगणकाच्या मंदपणाचेही तसेच आहे. गावाकडच्या घरात धूळ फार. ती पंख्यात व जाळीत साचली म्हणजे आतील भाग तापतो आणि तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मोबाईलवरील चित्रफिती उतरवून ठेवून हार्ड डिस्क काठोकाठ भरलेली असते, किंवा ती जुनी होऊन निकामी होण्याच्या मार्गावर असते. रॅम अपुरी असते. सुरू होतानाच पंधरा-वीस कार्यक्रम आपोआप जागे होतात. कित्येकदा तर सुरक्षेसाठी म्हणून दोन निरनिराळे अँटिव्हायरस एकाच वेळी बसविलेले आढळतात. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि बिचारा संगणक दोघांच्या ओझ्याखाली दबतो.

उलट बाजूही ध्यानात घेणे अगत्याचे आहे. लोक ज्याला सरसकट व्हायरस म्हणतात त्यात अनेक जाती आहेत. दुसऱ्याच्या लाभासाठी आपल्या यंत्राकडून आभासी चलनाची गणिते करवून घेणारी जात संगणक खरोखरच मंद करते. जाहिरातींचा मारा करणारी जातही करते. परंतु ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड चोरून नेणारी जात वेगावर काहीच परिणाम होऊ देत नाही. तिचे काम काही मिनिटांत उरकते आणि यंत्र पूर्ववत चालत राहते. म्हणून मंद चालणारा प्रत्येक संगणक बाधित नसतो आणि वेगाने चालणारा प्रत्येक संगणक निरोगी नसतो.

प्राथमिक तपासणी

पैशाच्या व्यवहारात काही विपरीत दिसले असेल, खात्यातून न कळत रक्कम गेली असेल किंवा अनोळखी ओटीपी येऊ लागले असतील, तर संगणकाची सफाई मागाहून करावी. प्रथम वाय-फाय बंद करावा वा केबल काढावी. नंतर दुसऱ्या, खात्रीच्या मोबाईलवरून बँकेस कळवावे, १९३० ह्या राष्ट्रीय साहाय्य-क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी आणि ई-मेल व बँकेचे पासवर्ड बदलावे. बाधित यंत्रावरच बसून नवा पासवर्ड घालणे म्हणजे तोही चोराच्या हाती देणे होय.

असे काही घडले नसेल तर शांतपणे निदानास लागावे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता कार्यक्रम प्रोसेसर, मेमरी व डिस्क किती वापरीत आहे हे तेथे आकड्यांत दिसते. काही काम चालू नसताना एखादे अपरिचित नाव प्रोसेसरचा मोठा हिस्सा सतत खात असेल तर संशयास जागा आहे. ते नाव कागदावर टिपून ठेवावे. त्यानंतर बसविलेल्या कार्यक्रमांची यादी पाहावी आणि घरातील कोणीही न बसविलेले कार्यक्रम काढून टाकावे. मुदत संपलेला अँटिव्हायरसही काढावा, म्हणजे विंडोजमधील डिफेंडर आपोआप कामास लागतो.

‘आपल्या संगणकात पाच व्हायरस आहेत’ अशी तांबडी सूचना कोपऱ्यात वारंवार उमटत असेल तर बहुतेक वेळा तो व्हायरस नसतोच. एखादे संकेतस्थळ पाहताना कोणीतरी ‘अलाऊ’ हे बटण दाबलेले असते आणि त्या परवानगीच्या जोरावर जाहिरात येत राहते. ब्राउझरच्या नोटिफिकेशनच्या यादीतून ती परवानगी रद्द केली व अनोळखी एक्स्टेंशन काढली की उपद्रव थांबतो. ह्या पाच मिनिटांच्या कामासाठी पैसे मोजणारे कमी नाहीत.

तपासणीसाठी विंडोज १० व ११ मधील डिफेंडर पुरेसा समर्थ आहे. त्याची ताजी माहिती उतरवून घेऊन प्रथम पूर्ण तपासणी करावी व नंतर ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. ह्या दुसऱ्या प्रकारात संगणक बंद होऊन विंडोज जागे होण्यापूर्वीच तपासणी होते, त्यामुळे चालू यंत्रात दडून बसणाऱ्या जातींना आडोसा राहत नाही. सुमारे पंधरा मिनिटे लागतात. काय सापडले त्याचे नाव ‘प्रोटेक्शन हिस्टरी’मध्ये राहते, पुढे कोणाची मदत घ्यावयाची झाल्यास हे नाव फार उपयोगी पडते.

पेन ड्राइव्हची वाट

खेड्यापाड्यांत रोगाचा मोठा प्रवास पेन ड्राइव्हमधून होतो. अर्जाची प्रत काढण्यासाठी तो झेरॉक्सच्या दुकानात जातो, दिवसभरात शेकडो पेन ड्राइव्ह ज्याला लागले त्याच संगणकाला लागतो आणि घरी परत येतो. घरी उघडून पाहावे तो सर्व फोल्डरांच्या जागी बाणाची खूण असलेले शॉर्टकट. अशा वेळी माहिती पुसली गेली असे समजून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करण्याची घाई करू नये. ह्या जातीत मूळ फोल्डर सहसा तेथेच असतात, केवळ लपविलेले असतात. त्या शॉर्टकटवर टिचकी मारणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण लागण तेथूनच होते. तपासणी करून उपद्रवी फाइल काढल्यावर लपलेले फोल्डर दृश्य करता येतात.

दुसरी वाट फुकटच्या मोहाची आहे. मराठी टंकलेखनासाठी चोरीचे फॉन्ट व कळफलक उतरविणे आणि विंडोजचा परवाना चुकविण्यासाठी ‘ॲक्टिव्हेटर’ चालविणे ह्या दोन गोष्टींपायी फार संगणक बाधित होतात. वास्तविक विंडोजमध्ये मराठीचा युनिकोड कळफलक अंगभूत आहे; भाषेच्या यादीत मराठी जोडण्यापुरतेच काम उरते. तिसरी वाट फसव्या फाइलनावांची. विंडोज नावाचा शेवटचा भाग सहसा लपविते, त्यामुळे ‘पावती.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल केवळ ‘पावती.पीडीएफ’ अशी दिसते. पीएम किसान योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरविलेल्या बनावट एपीके फाइलींचा रोख मोबाईलवर असतो, त्या संगणकावर चालत नाहीत. तथापि घरचा बँकव्यवहार मोबाईलवरच होत असल्याने त्या अधिक घातक होत.

मदत कोणाकडून घ्यावी

येथे एक नियम निरपवाद पाळावा. ज्याला आपण शोधीत गेलो त्याची मदत घ्यावी. जो आपल्याला शोधीत आला त्याची घेऊ नये. पडद्यावर दूरध्वनी क्रमांक दाखवून ‘ताबडतोब संपर्क साधा’ असे सांगणारी सूचना खोटी समजावी. मायक्रोसॉफ्ट कंपनी आपल्या सूचनांत दूरध्वनी क्रमांक देत नाही. पलीकडचा गोड बोलणारा गृहस्थ एनीडेस्क किंवा टीमव्यूअर बसविण्यास सांगतो. ही साधने मुळात वाईट नाहीत, पण त्यांच्याद्वारे घरची किल्लीच परक्याच्या हाती जाते.

पहिली मदत बहुधा घरातच असते. महाविद्यालयात जाणारी मुलगी वा शिकलेली सून वरील सर्व कृती एका दुपारी करू शकते; तिला कोणी विचारीत नाही एवढेच. तेवढ्याने भागले नाही तर नारायणगाव वा मंचर येथील परिचित दुरुस्ती-दुकानात यंत्र न्यावे. जाताना बिघाड केव्हापासून, त्या सुमारास काय नवे बसविले, सूचनेचे नेमके शब्द कोणते, आपण काय काय करून पाहिले हे लिहून न्यावे व पडद्याचे छायाचित्र सोबत ठेवावे. ‘व्हायरस आहे, फॉरमॅट मारा’ एवढेच सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचे काम दुकानदारही तेवढ्यातच उरकतो. कागदपत्रे व छायाचित्रे आधी वेगळ्या डिस्कवर काढून घेण्यास सांगावे, काय सापडले ते विचारावे, पासवर्ड लिहून देऊ नयेत. फॉरमॅट केल्यावर विनापरवाना विंडोज घालून मिळत असेल तर ती स्वस्ताई नव्हे. बाधित बियाण्याने पुन्हा केलेली पेरणी आहे.

दुरुस्तीच्या दुकानातून केवढे काम उभे राहू शकते ह्याचे उदाहरण पुण्यातच आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर ह्यांनी मॅट्रिकनंतर कॅल्क्युलेटर-दुरुस्तीची नोकरी धरली व पुढे स्वतःचे दुकान काढले. दुरुस्तीला येणारे संगणक वरचेवर व्हायरसने बाधलेले दिसू लागले, तेव्हा संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय ह्यांनी सफाईचे छोटे कार्यक्रम लिहिले. गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून वाढलेले ते काम पुढे ‘क्विक हील’ ह्या नावाने प्रसिद्धीस आले. केंद्र सरकारनेही २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले असून बाधित संगणकांच्या सफाईची साधने त्याच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उपलब्ध करून दिली.

विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि विंडोज १० ची नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. जुन्या यंत्रावर हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविल्यास वेग पुष्कळ सुधारतो. परंतु थांबलेली सुरक्षा-दुरुस्ती त्याने भरून निघत नाही. खर्च करण्यापूर्वी ते यंत्र विंडोज ११ पेलू शकते काय हे विचारून घ्यावे.

फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या जातीपुढे मात्र सफाई अपुरी पडते. खंडणी देऊ नये आणि कुलूपबंद फाइली पुसूनही टाकू नयेत. युरोपीय पोलिसांच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ ह्या उपक्रमातून काही जातींच्या किल्ल्या फुकट मिळतात, आणि आज नसलेली किल्ली पुढे निघू शकते. खरा आधार वेगळ्या ठेवलेल्या प्रतीचाच. जून २०१७ मध्ये नॉटपेत्या ह्या उपद्रवाने मर्स्क ह्या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले. आपला शेतमाल जेथून परदेशी जातो त्या उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या धक्क्याचेही काम त्यात अडले. कंपनीच्या संपूर्ण जाळ्याची सूची ठेवणाऱ्या यंत्रांपैकी एकच शाबूत सापडले. ते आफ्रिकेतील घाना देशात होते, आणि हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्याने ते जाळ्यापासून तुटलेले होते.

घरी ह्यासाठी विजेच्या लपंडावावर विसंबण्याचे कारण नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा व द्राक्षहंगामात दर आठवड्यास नोंदी व कागद तिच्यावर उतरवावे, आणि काम होताच तिची वायर काढून, वर तारीख लिहून, ती कपाटात ठेवावी.