काडतूस कुणाच्या ताब्यात?

रायफलचा विषय निघाला, की आठवतो तो हिंगोलीचा राज्य राखीव पोलीस बल गट क्रमांक १२. महाराष्ट्राच्या पोलिसांनी पिढ्यान्‌पिढ्या खांद्यावर वागवलेली बोल्ट रायफल म्हणजे ‘थ्री नॉट थ्री’. तिचं कौतुक बहुतेक वेळा मॅगझिनमधल्या १० राउंडांवरून होतं. माझ्या मते आकडा नंतर पाहावा. मॅगझिनमधून सुटून चेंबरमध्ये बसेपर्यंत काडतूस कुणाच्या ताब्यात असतं, हे आधी विचारावं.

थ्री नॉट थ्रीचं पेटी-मॅगझिन जेम्स पॅरिस ली यांच्या रचनेचं. बोल्ट मागे ओढून पाच-पाच राउंडांच्या दोन क्लिपा वरून दाबायच्या. मात्र या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर वरचा राउंड पुढे सरकताना खालच्यालाही ओढतो आणि बोल्ट अडतो. म्हणजे इथे काडतूस सांभाळते ती भरणाऱ्याची शिस्त. ईशापूरच्या कारखान्यात १९६० च्या दशकात याच रायफलची ७.६२ मिमीची आवृत्ती बनली. तिच्या काडतुसाला अशी कड नसल्याने ही अडचणच मिटली. १८९८ च्या माउझरने वेगळा मार्ग धरला. राउंड मॅगझिनमधून वर येतानाच त्याचं बूड बोल्टच्या रुंद नखीखाली सरकतं. त्यामुळे बोल्ट अर्ध्यावरून मागे ओढला तरी राउंड त्याच्याबरोबर परत येतो. १९६२ च्या रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्ट काडतूस नुसतं ढकलतो, नखी बसते ती बोल्ट बंद होताना. अर्ध्यावर माघार घेतली, तर पहिला राउंड पुढेच राहतो आणि दुसरा त्याच्यावर येऊन आदळतो.

मग माउझरची नखीच सर्वश्रेष्ठ का? तसं नाही. ढकलणारा बोल्ट बनवायला सोपा, आणि त्याच्या तोंडाचा अखंड कठडा काडतुसाच्या बुडाला चहूबाजूंनी वेढतो. शिवाय माउझरच्या चेंबरमध्ये राउंड थेट हाताने टाकला, तर नखी त्याच्या बुडावर सहजी चढत नाही. तो मॅगझिनमधूनच यावा लागतो. नेमबाजीच्या रेंजवर हा गुण अडचणीचा ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस २०२४ मध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्यात प्रत्येक गोळी हातानेच भरावी लागते. तिथे काडतूस बोटांच्या ताब्यात असतं आणि तेच योग्य आहे.

कुणी २६/११ ची आठवण देईल: तेव्हा सीएसटीवर थ्री नॉट थ्री एके रायफलींपुढे तोकडी पडली. हे खरंच आहे. पण दर गोळीमागे हाताने बोल्ट चालवावा लागणं ही मर्यादा माउझरने किंवा रेमिंग्टननेही सुटली नसती. त्या कामाला बोल्ट रायफलच अपुरी होती. म्हणून आधी काम ठरवावं. झटपट पुन्हा भरायची असेल तर क्लिपने भरणारी पेटी घ्यावी. घाईगडबडीत बोल्ट अर्ध्यावर राहण्याचा धोका असेल तर नखी. आणि एकेका गोळीचाच हिशेब असेल तर मॅगझिनची गरजच नाही.