पेंढरकर कॉलेजच्या नावामागचा दुकानदार

डोंबिवलीत 'पेंढरकर कॉलेज' म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. पण हे के. व्ही. पेंढरकर म्हणजे 'विको'वाले, हे किती जणांना माहितीये?

केशव पेंढरकरांचं आधी नागपुरात किराणा दुकान होतं. मुंबईत येऊन 1952 मध्ये त्यांनी विको सुरू केली. आता दुकानदार माणूस माल कसा खपवणार? गिऱ्हाईकाशी बोलून. ते आणि त्यांची मुलं दंतमंजन घेऊन दारोदार फिरली. आम्ही ऑफिसात ज्याला 'युजर इंटरव्ह्यू' म्हणतो ना, तो हे लोक जिने चढून घेत होते!

मुलगा गजानन मात्र फार्मसी शिकलेला. त्यामुळे पुढची वाट वेगळी. 1975 मध्ये हळदीचं क्रीम आलं. एक्साइज खातं म्हणालं, हे कॉस्मेटिक आहे, जास्त कर भरा. कंपनी म्हणाली, आयुर्वेदिक औषध आहे. वर्षानुवर्षं केस चालली, सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि विको जिंकली. हरले असते तर करही वाढला असता आणि जाहिरातीतला आयुर्वेदाचा दावाही लंगडा पडला असता.

मधल्या काळात, 1984 मध्ये, दूरदर्शनवरच्या 'ये जो है जिंदगी'ला स्पॉन्सर करून पेंढरकर पुन्हा घराघरात शिरले होते. यावेळी जिने न चढता.